दाभोळ ते जेद्दा

वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तिथे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात, दाभोळ वसलं आहे. बहमनी आणि आदिलशाही काळात दख्खनचं हे मोठं बंदर होतं. अरबस्तानातून आणलेले घोडे इथे उतरत, आणि मक्केला निघालेले यात्रेकरू इथूनच जहाजात चढत.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी घरी परतायला दाभोळहूनच होर्मुझकडे निघाला. महिनाभर त्याला समुद्राखेरीज काही दिसलं नाही. पुढे डोंगर दिसले ते इथिओपियाचे, म्हणजे जहाज पार भलतीकडे गेलेलं! तिथल्या लोकांनी लुटू नये म्हणून त्यांना तांदूळ, मिरी आणि रोट्या वाटाव्या लागल्या.

शिडाच्या जहाजाला वाऱ्याच्या मर्जीनेच निघावं लागे. थंडीतल्या ईशान्य वाऱ्यांवर पलीकडचा किनारा गाठायचा आणि पावसाळ्याचा जोर ओसरताना नैर्ऋत्य वाऱ्यांवर परतायचं. हजचे दिवस मात्र चांद्रवर्षाने ठरतात आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. त्यामुळे कधी वारा आणि हज यांचा मेळ बसे, तर कधी यात्रेकरूंना महिनोन् महिने परमुलखात थांबावं लागे. या प्रवासात सोसायचं ते समुद्रापेक्षाही हे थांबणं होतं.

त्यात माणसांची भीती वेगळीच. १५०८च्या अखेरीस पोर्तुगीजांनी दाभोळ जाळलं, आणि पुढे त्यांचा कार्ताझ, म्हणजे परवाना, नसलेलं जहाज अरबी समुद्रात सुरक्षित राहिलं नाही. विजापूरच्या राजघराण्यातली आयेशाबीबी मक्केला जायला दाभोळपर्यंत आली. पण समुद्र धोक्याचा म्हणून तिला पुढे जाता आलं नाही आणि यात्रेसाठी आणलेल्या पैशातून तिने मशीद बांधली, असं सांगितलं जातं. १६५९च्या सुमाराची ती देखणी दगडी मशीद दाभोळच्या किनाऱ्यावर आजही उभी आहे. न झालेल्या प्रवासाची इतकी सुंदर खूण कोकणात दुसरी नसेल.

आगबोटी आल्या आणि वाऱ्याची सत्ता संपली. आता रत्नागिरीचा यात्रेकरू आधी किनाऱ्यावरच्या बोटीने मुंबईला येई, मुसाफिरखान्यात पथारी टाकी आणि मक्केचं बंदर असलेल्या जेद्दाच्या बोटीची वाट पाही. दलाल तिकिटं विकत, पण बोट भरेपर्यंत सुटत नसे. तोवर गाठीचे पैसे सरत. या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८६मध्ये सरकारने थॉमस कुक या प्रवासी कंपनीकडे यात्रेकरूंची व्यवस्था सोपवली. १८९३मध्ये कंपनीने अंग काढून घेतलं.

बोटीवर बहुतेकांची जागा डेकवर. शिधा, भांडी, अंथरूण सगळं बरोबर. एका गावची, एका नात्यागोत्याची माणसं शेजारी शेजारी बसत. आजाऱ्याला पाणी देणारं आणि सामान राखणारं ओळखीचं कुणी असणं, हाच मोठा आधार. रत्नागिरीकरांना तर समुद्रही परका नव्हता. याच किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या बोटींवर खलाशी आणि सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, म्हणून जग फिरत होते.

लाल समुद्रात शिरल्यावर पुन्हा थांबणं. १८६५मध्ये मक्केत कॉलरा पसरला आणि तिथून इजिप्तमार्गे युरोपात पोहोचला. त्या धास्तीपोटी १८८२पासून कामरान बेटावर यात्रेकरूंना उतरवून क्वारंटाइनमध्ये ठेवू लागले, कपडे धुरी-वाफेतून काढू लागले. मुंबईत प्लेगची साथ आल्यावर १८९७मध्ये तर इथून हजला जायलाच बंदी घातली गेली.

स्वातंत्र्यानंतर मोगल लाइन्स या कंपनीच्या बोटी सुमारे आठवडाभरात जेद्दाला पोहोचवत. १९९५मध्ये समुद्रमार्गे हज थांबली. आता मुंबईहून विमानाला पाच-सहा तास लागतात. इहराम जिथे बांधायचा त्या यलमलमच्या हद्दीसमोर बोट येई तेव्हा यात्रेकरू इहरामची पांढरी वस्त्रं नेसत. विमान ती हद्द क्षणात ओलांडतं, म्हणून जेद्दाला थेट जाणारे बरेचजण मुंबईतच इहराम बांधून विमानात बसतात.