शिपायाचें घर आणि सरकारचें दार

लढायांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. लढाईहून परत आलेल्या शिपायाचा इतिहास लिहिणारा विरळा. कोणत्या पलटणीनें कोणती टेकडी कोणत्या दिवशीं सर केली, हें बखरकारांपासून आजच्या ग्रंथकारांपर्यंत सर्वांनीं टिपून ठेवलें आहे. पण ती टेकडी सर करणारा मनुष्य पंधरा-वीस वर्षांनीं घरीं परतल्यावर त्याच्या औषधपाण्याची सोय कोणी पाहिली, आणि जो परतलाच नाहीं त्याच्या बायकोचा अर्ज कोणी लिहून दिला, याची नोंद बहुधा सांपडत नाहीं. वस्तुतः राज्य आणि शिपाई यांच्यामधील करार दोन अंगांचा असतो. शिपाई आपलें अंग तरुणपणीं पुरें करितो; राज्यानें आपलें अंग पुरें करावयाचें तें त्याच्या म्हातारपणीं किंवा त्याच्या मरणानंतर. म्हणजे राज्याची पाळी येते तेव्हां तगादा करणारा मनुष्य एक तर थकलेला असतो, किंवा हयातच नसतो. कराराचें हें दुसरें अंग आपल्या प्रांतांत कसें पाळलें गेलें, आणि नवी मुंबईसारख्या नव्या शहरांत तें पाळण्यास काय अडचण येते, याचा थोडक्यांत विचार येथें करावयाचा आहे.

युरोपांत या प्रश्नाचें उत्तर मोठ्या वास्तु उभारून दिलें गेलें. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनें १६७० सालीं जखमी व वृद्ध शिपायांसाठीं पॅरिस येथें 'इन्व्हालिद' नांवाचें विशाल निवासस्थान बांधण्याची आज्ञा केली. तें पाहून इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनें १६८२ सालीं लंडनमध्यें चेल्सी येथें तसाच आश्रम स्थापन केला. तांबडे कोट घातलेले चेल्सीचे वृद्ध शिपाई आजही लंडनचें भूषण समजले जातात. परंतु या आश्रमांत राहावयाचें तर शिपायानें एकट्यानेंच राहावयाचें. त्यांत बायकोमुलांस जागा नाहीं. राजानें शिपायाला सांभाळलें, त्याच्या घराला नव्हे.

त्याच शतकांत सह्याद्रीच्या कुशींत निराळी रीत पडत होती. १६५९ सालीं प्रतापगडाखालीं अफजलखानाचा मोड झाल्यावर शिवाजी महाराजांनीं काय व्यवस्था केली, तें कृष्णाजी अनंत सभासदानें आपल्या बखरींत नमूद केलें आहे. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरींत घेतलें. ज्यांस पुत्र नव्हता त्यांच्या बायकांना निमें वेतन चालू केलें. जे जखमी झाले त्यांस जखम पाहून होन दिले. या तीन कलमांत शिपाई, त्याची विधवा व त्याचा मुलगा या तिघांचाही विचार आहे, आणि तिघांचेंही राहणें आपापल्या घरींच गृहीत धरलें आहे. पुढें मराठी दप्तरांत 'बालपरवेशी' हा शब्द रूढ झाला. चाकरींत पडलेल्या मनुष्याच्या मुलांच्या पोषणार्थ दिलेली नेमणूक किंवा जमीन, असा त्याचा अर्थ. या शब्दांत दयेपेक्षां हक्काची भावना अधिक आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

इंग्रजी अमलांत हक्काची जागा पेन्शनीनें घेतली. १८१८ नंतर दक्षिण कोंकणांतील लष्कराचें ठाणें दापोलीस पडलें. लोक त्या गांवाला 'काप दापोली' म्हणूं लागले, तो 'काप' म्हणजे 'कँप'. नियमित फौज तेथून हलल्यावरही वयस्क शिपायांची एक पलटण १८५७ पर्यंत तेथें होती. पेन्शन घेतलेल्या सुभेदार-जमादारांचीं घरें कँपाच्या आसपास वसलीं. रोख पैसा, थोडें लिहितां-वाचतां येणें, आणि साहेबाच्या कचेरींत बिचकल्यावांचून पाऊल टाकण्याची संवय, हें तिहेरी भांडवल त्या काळच्या खेड्यांत दुसऱ्या कोणापाशीं फारसें नव्हतें. बलुत्यावर जगणाऱ्या घरांतील मनुष्याला तर दरमहा येणारें पेन्शन हें गांवाच्या मर्जीपासून मिळालेलें पहिलें स्वातंत्र्य होतें.

या भांडवलांतून काय निर्माण झालें, याचें उत्तम उदाहरण गोपाळ बाबा वलंगकर. १८८६ सालीं लष्करांतून निवृत्त होऊन ते दापोलीस राहिले. १८८८ मध्यें त्यांनीं 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहिली. आणि भोंवतालच्या पेन्शनर मंडळींस बरोबर घेऊन 'अनार्य दोषपरिहारक' मंडळी चालविली. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर कांहीं काळ दापोलीस होते. पुढें ते साताऱ्यास गेले. त्यांचे धाकटे चिरंजीव म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सरकारनें १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हां वलंगकरांनीं १८९४ सालीं तिच्याविरुद्ध अर्ज तयार केला. भरती बंद म्हणजे पुढच्या पिढीचें वेतनही बंद, पेन्शनही बंद आणि पलटणीची शाळाही बंद, हें त्या निवृत्त शिपायांनीं बरोबर ओळखलें होतें. पहिल्या महायुद्धांत माणसांची गरज लागतांच १९१७ सालीं महारांची पलटण उभारण्यांत आली, आणि गरज सरतांच १९२१ सालीं ती मोडण्यांत आली. आमच्या मतें कोंकणांतील निवृत्त सैनिकांचें पहिलें साहाय्यकेंद्र सरकारनें उघडलेलें नव्हे. तें दापोलीच्या पेन्शनरांनीं आपल्या ओसरीवर स्वतःच उघडलें.

सरकारला जाग आली ती त्याच महायुद्धानें. मेसोपोटेमियांत कूत येथें १९१६ च्या एप्रिलांत जी फौज शत्रूच्या हातीं सांपडली, तींत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कुलाबा या जिल्ह्यांतील किती घरांना आपला मनुष्य जिवंत आहे कीं नाहीं हेंही कळेना. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एका गांवचे ४६ जण त्या युद्धांत कामास आले. गांवांत त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, आणि गांवाच्या नांवापुढें 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जडला आहे. हातपाय गमावलेल्या शिपायांस धंदेशिक्षण मिळावें म्हणून लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानें १९१७ सालीं मुंबईस क्वीन मेरी शाळा निघाली. ती पुढें खडकीस गेली. १९१९ सालीं 'इंडियन सोल्जर्स बोर्ड' स्थापन झालें आणि त्याच्या शाखा जिल्ह्याजिल्ह्यांत पसरल्या. यांत केवळ भूतदया होती असें नाहीं. परतलेला शिपाई नाराज राहिला तर पुढची भरती अडते, हें सरकार जाणून होतें. पण हेतु कोणताही असो, शिपायाच्या घराची विचारपूस दिल्लीहून न होतां जिल्ह्याच्या ठिकाणाहून व्हावी, हें तत्त्व तेव्हां मान्य झालें, ही गोष्ट महत्त्वाची.

दुसऱ्या महायुद्धांत कुलाबा जिल्ह्यानें आपला वांटा उचलला. माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजीं इटलींत धारातीर्थीं पडले आणि त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगांवांत त्यांचा पुतळा आहे. स्वातंत्र्यानंतर ७ डिसेंबर हा ध्वजदिन १९४९ पासून पाळला जाऊं लागला. जुन्या बोर्डाचें नांव १९५१ सालीं बदललें, आणि १९७५ पासून तें 'केंद्रीय सैनिक बोर्ड' झालें. मणक्याला इजा होऊन कायमचे अंथरुणास किंवा चाकाच्या खुर्चीस खिळलेल्या जवानांसाठीं १९७४ सालीं खडकीस पुनर्वसनकेंद्र उघडलें. आज महाराष्ट्रांत सैनिक कल्याण विभागाचें मुख्य कार्यालय पुण्यास असून जिल्ह्याच्या ठिकाणीं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयें आहेत. जिल्हाधिकारी हा मंडळाचा अध्यक्ष, निवृत्त लष्करी अधिकारी हा कार्यालयाचा प्रमुख, आणि हाताखालीं तालुक्यांतून हिंडणारे कल्याण संघटक, अशी ही रचना आहे. तिचा सांगाडा १९१९ चाच. पण तो सांगाडा चांगला आहे.

आतां नवी मुंबईकडे वळूं. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, आणि खाडीपलीकडच्या भातखाचरांवर व मिठागरांवर हें शहर उभें राहिलें. तें ज्या भूमीवर उभें आहे ती दोन जिल्ह्यांत विभागली आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर हीं ठाणें जिल्ह्यांत. खारघर, कळंबोली, पनवेल, उरण हीं रायगडांत. महापालिकाही दोन: नवी मुंबईची १९९२ पासून, पनवेलची २०१६ पासून. घाटावरून आणि तळकोंकणांतून येथें आलेल्या घरांतून एक भाऊ वाशीच्या बाजारांत माथाडी आणि दुसरा पलटणींत, असें चित्र दुर्मिळ नाहीं. खारघरला वायुदल व नौदल यांच्या गृहनिर्माण मंडळाची 'जलवायु विहार' ही वसाहत आहे. पण निवृत्त होऊन आलेला शिपाई किंवा हवालदार बहुधा अशा वसाहतींत राहत नाहीं. तो मुलाच्या दोन खोल्यांच्या घरांत राहतो, आणि पुष्कळदां कोठल्या तरी इमारतीच्या फाटकावर रखवालदाराची दुसरी नोकरी करतो.

अशा मनुष्याची किंवा त्याच्या विधवेची कचेरी कोणती? नेरूळला राहत असेल तर ठाणें. पण एक खाडीपूल ओलांडून खारघरला बिऱ्हाड हलविलें कीं अलिबाग, म्हणजे सत्तर-ऐंशी किलोमीटरचा प्रवास. सगळ्या कोंकण विभागाचे आयुक्त बेलापूरला बसतात. परंतु बेलापूरहून तीन-चार स्थानकांवर राहणारी म्हातारी मात्र आपला कागद घेऊन अलिबागेस जावयाची. यांत कोणाचा दुष्टावा नाहीं. जिल्ह्याच्या सीमा जुन्या आणि शहर नवें, एवढेंच त्याचें कारण आहे.

अडचण अंतराचीच असती तर ती एस. टी. नें भागली असती. खरी अडचण कागदाची आहे, आणि ती आपल्या चालीरीतींतून उत्पन्न झालेली आहे. आपल्याकडे लग्नांत मुलीचें नांव बदलण्याची रीत होती व कांहीं घरांत अद्यापि आहे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचें नांव, शिधापत्रिकेवर सासरचें नांव, आणि नवऱ्यानें तरुणपणीं पलटणींत गेल्यावर कारकुनाला जें सांगितलें व त्यानें जसें ऐकलें तें लष्करी दप्तरांतील तिसरें नांव. नवरा हयात असेपर्यंत या तीन नांवांचें कोणाला कांहीं वाटत नाहीं. तो गेल्यावर कुटुंबवेतनाचा अर्ज करतांना मात्र एकाच बाईला आपण तीन बायका नसून एकच आहों हें सिद्ध करावें लागतें. दप्तर असतें पलटणीच्या केंद्रांत, मराठ्यांचें बेळगांवला तर महारांचें मध्यप्रदेशांत सागरला. हिशेब असतो प्रयागराजला. आणि बाई असते कळंबोलीच्या तिसऱ्या मजल्यावर. अलीकडे 'स्पर्श' नांवाची संगणकीय व्यवस्था आली. पेन्शन थेट खात्यांत जमा होऊं लागलें, हयातीचा दाखला घरबसल्या देतां येऊं लागला. ही सुधारणा निःसंशय मोठी आहे. परंतु यंत्र जुळलेलें नांव क्षणांत ओळखतें आणि न जुळलेलें नांव तितक्याच क्षणांत नाकारतें. तें कां जुळत नाहीं हें तें विचारीत नाहीं.

कोणी म्हणतील, घरोघरीं मोबाईल आल्यावर आतां स्थानिक केंद्राचें प्रयोजन काय? याचें उत्तर असें कीं, सवलती वाढतात तितका वाटाड्याही अधिक लागतो. २००३ पासून माजी सैनिकांची आरोग्ययोजना आहे. २०२० पासून महाराष्ट्रांत माजी सैनिकांच्या व त्यांच्या विधवांच्या एका घराला मालमत्ताकराची माफी आहे. २०२५ च्या जुलैंत राष्ट्रीय विधिसेवा प्राधिकरणानें सैनिक कुटुंबांस कायद्याचें साहाय्य सैनिक बोर्डांतच मिळावें अशी योजना सुरू केली. शौर्यपदकाचा भत्ता विधवेनें पुनर्विवाह केला तर बंद होत असे, आणि दिराशींच लग्न केलें तर मात्र चालू राहत असे. ती अट सरकारनें २०१७ मध्यें काढून टाकली. पण नियम बदलला हें ज्या घरांत कळलेंच नाहीं, त्या घरांत जुना नियमच अद्यापि चालू आहे असें समजावें. कोणत्या तरुण विधवेच्या आयुष्याचा निर्णय त्या न कळलेल्या बातमीमुळें उलटा झाला असेल, याचा हिशेब कोणत्याही दप्तरांत मिळणार नाहीं.

खेड्यांत ही बातमी सांगणारा कोणी तरी असे. गांवचा जुना सुभेदार, पोस्टमन, शाळामास्तर यांपैकीं एक जण अर्ज वाचून दाखवी, दुसरा लिहून देई. नव्या शहरांत शेजार बदलतो आणि ओसरी नाहींशी होते. म्हणून येथें केंद्र हवें, तें इमारतीचा दिमाख दाखविण्यासाठीं नव्हे. आठवड्यांतून ठराविक दिवशीं एखाद्या महापालिका-कार्यालयांत कल्याण संघटक आणि दोन अनुभवी माजी सैनिक एका टेबलाशीं बसले, दोन्ही जिल्ह्यांतील कुटुंबांचे कागद त्यांनीं हातीं घेतले आणि ते कोणत्या कचेरींत अडले आहेत एवढें जरी सांगितलें, तरी काम अर्धें झालें. ठाणें आणि अलिबाग यांनीं आपसांत पत्रव्यवहार करावा; त्याची पायपीट विधवेच्या वांट्यास येऊं नये.

सुशिक्षित कुटुंबांनींही यांत आपला वांटा ओळखला पाहिजे. स्वातंत्र्यदिनीं ध्वजवंदनास आपण उभे राहतों, ध्वजदिनाची पेटी पुढें आली कीं तींत नाणें टाकतों, आणि फाटकावर उभा असलेला रखवालदार पूर्वीं कोणत्या पलटणींत होता हें मात्र वर्षानुवर्षें विचारीत नाहीं. त्याला आपली दया नको आहे. इंग्रजींतील एखादें पत्र वाचून दाखविणें, एखादा फॉर्म भरून देणें, दाखल्यावरील नांवाची चूक वेळींच दुरुस्त करून घेण्यास सांगणें, एवढें काम कोणत्याही पदवीधराच्या हातून होण्यासारखें आहे. दापोलीच्या निवृत्त शिपायांनीं तें आपल्या तुटपुंज्या पेन्शनींतून आणि चार बुकांच्या शिक्षणावर केलें. साडेतीनशें वर्षांपूर्वीं या मुलखांत शिपायाच्या विधवेचें वेतन ठरविण्यापूर्वीं तिला आपलें नांव सिद्ध करावें लागलें असेल असें वाटत नाहीं. कारण तिचें घर माहीत असणारा कोणी तरी जवळपास होता. तसा मनुष्य नव्या शहरांत पुन्हां उभा करणें हेंच खरें काम आहे.