खाड्याची नोंद आणि वेतनाची नोंद : अंबाजोगाईच्या संदर्भात घरकामगार स्त्रियांच्या पगाराच्या हिशेबाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

अंबाजोगाईसारख्या शहरातील मध्यमवर्गीय घरांत धुणी-भांडी करणाऱ्या बाईच्या पगाराचा हिशेब बहुधा स्वयंपाकघराच्या भिंतीवर असतो. 1973 साली जयंत साळगावकर यांनी सुरू केलेल्या 'कालनिर्णय'ने आणि त्या धर्तीवर निघालेल्या इतर दिनदर्शिकांनी मराठी घराला तिथी-वारांबरोबर एक हिशेबवहीही दिली. दुधाचे लिटर, गॅसची टाकी लावल्याची तारीख आणि बाईचा खाडा या तिन्ही गोष्टी तारखेच्या चौकटीत लिहिल्या जातात. मात्र दुधाच्या बाबतीत किती आले ते लिहितात. बाईच्या बाबतीत ती कधी आली नाही ते. तिने ज्या दिवशी काम केले त्या दिवसाची चौकट कोरी राहते. वर्ष संपले की दिनदर्शिका रद्दीत जाते आणि तिच्याबरोबर हा तोकडा पुरावाही जातो. प्रस्तुत निबंधात या कोऱ्या चौकटींमागील इतिहासाचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

जमा आणि नावे

महाराष्ट्रात हिशेबलेखनाची परंपरा दुबळी होती, असे कोणीही म्हणणार नाही. पेशवेकालीन रोजकीर्दी व ताळेबंद पाहिले असता खासगीकडील शागिर्दपेशाचा खर्च किती बारकाईने लिहिला जाई हे दिसून येते. कुणबिणींच्या बाबतीत तर त्यांच्या खरेदीची किंमत आणि त्यांना दिलेले धान्य व कापड यांच्याही नोंदी आढळतात. तथापि कुणबीण ही वेतन घेणारी व्यक्ती नव्हती. तिच्यावर झालेला खर्च लिहिला गेला, तिच्या कामाचे मोल लिहिले गेले नाही. पुढे 'मोलकरीण' हा शब्द रूढ झाला आणि निदान शब्दात तरी 'मोल' आले. वहीत ते आले की नाही, हा वेगळा प्रश्न आहे.

जुन्या मराठी जमाखर्चाच्या रीतीनुसार एखाद्या नोकराचे खाते घातल्यास त्याची चाकरी भरली की पगार त्याच्या खाती जमा व्हावा आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम त्याच्या नावे पडावी. घरगुती वहीत असे दुहेरी खाते क्वचितच घातले जाई. मोलकरणीचा पगार 'घरखर्च' या सदरात विरून जाई. तिचे नाव यायचे ते उचल दिली तेव्हा, म्हणजे 'नावे' या बाजूला. थोडक्यात, वही तिला देणेकरी म्हणून ओळखत होती, येणेकरी म्हणून नव्हे. हिशेब लिहिला जात नव्हता असे नाही, तो एकाच बाजूने लिहिला जात होता.

मराठवाड्यात ही एकांगी नोंद अधिक ठळक झाली. अंबाजोगाई, म्हणजे निजामी राजवटीतील मोमिनाबाद, येथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. इंग्रजी अमलाखालील छावण्यांत खानसामा, आया, भिस्ती यांना महिन्याचा पगार देण्याची रीत होती आणि नोकरी सोडताना साहेबाची चिठ्ठी मिळे. या चिठ्ठीवर पुढची नोकरी अवलंबून असे, पण तीत नोकराच्या वर्तनाविषयी लिहिलेले असे. त्याचे काही येणे राहिले असल्यास त्याविषयी नव्हे. छावणीबाहेरच्या गावांत तर महिन्याचा पगार हीच कल्पना परकी होती. तेथे बलुते होते, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बांधलेला सालगडी होता आणि कर्जाच्या फेडीसाठी राबणारा भगेला होता. भगेल्याचे करार लेखी असावेत, असे नियमन हैदराबाद संस्थानाला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात करावे लागले. कागद असला तरी तो कर्जाचाच असल्याने मुक्तीचा मार्ग त्यातून फारसा निघाला नाही. 1976 च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियमाने जी नावे वेठबिगारीचे प्रकार म्हणून नमूद केली, त्यांत 'भगेला' आहे. सालगड्याची बायको मालकाच्या वाड्यात झाडलोट, सारवण, दळण-कांडण करी, ते तर सालाच्या बोलीतच गृहीत असे. तिच्यासाठी वेगळी ओळही नव्हती. आज बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचा एक 'कोयता' मानून मुकादम उचल लिहितो, तेव्हा हीच जुनी रीत नव्या धंद्यात चालू राहिलेली दिसते.

नोंदवही कोणाची?

स्वातंत्र्योत्तर काळात 1948 चा किमान वेतन कायदा आला; घरकाम त्याच्या मूळ अनुसूचीत नव्हते. 1959 साली पां. ना. राजभोज यांनी राज्यसभेत घरगुती नोकरांविषयीचे विधेयक मांडले. पुण्याच्या पर्वती सत्याग्रहातील हे नेते 1952 साली सोलापुरातून लोकसभेवर निवडून गेले होते. किमान वेतन, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि वार्षिक रजा या गोष्टी त्यांच्या विधेयकात होत्या. त्याचबरोबर स्थानिक पोलिसांनी मालकाच्या सहकार्याने नोकरांची नोंदवही ठेवावी, अशीही तरतूद होती. विधेयक कायद्यात उतरले नाही. पण गंमत अशी की, त्यातील पोलिसांकडील नोंदीची कल्पना तेवढी पुढे समाजाने मनापासून स्वीकारली. नोकराचे छायाचित्र व पत्ता ठाण्यात देण्याचे आवाहन आजही शहरोशहरी केले जाते; त्याच्या पगाराची पावती द्यावी, असे आवाहन सहसा ऐकू येत नाही.

खाड्याच्या प्रश्नाला सार्वजनिक रूप आले ते 1980 च्या पुण्यातील मोलकरणींच्या संपाने. आजारपणामुळे घरी राहिलेल्या मोलकरणीला कामावरून काढल्याचे निमित्त झाले आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. भिंतीवरचा खाडा येथे प्रथमच रजेच्या मागणीत बदलला. या व इतर संघटनांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, 2008 संमत झाला आणि 2011 मध्ये मंडळ स्थापन झाले. अठरा ते साठ वयोगटातील कामगारांची नोंदणी सुरू झाली. 55 वर्षे पूर्ण केलेल्या नोंदीत कामगारांना दहा हजार रुपये सन्मानधन देण्याची योजनाही आली. परंतु हा कायदा कल्याणाचा आहे, वेतनाचा नाही. त्याने पगाराचा दर ठरविला नाही किंवा घरमालकावर वेतनाची नोंद ठेवण्याचे बंधन घातले नाही.

तरीही नोंदणीच्या अर्जासोबत मालकाचे प्रमाणपत्र मागितले जाते. येथेच खरी अडचण आहे. अंबाजोगाईत 1974-75 च्या सुमारास ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आणि डॉक्टर, प्राध्यापक, कर्मचारी यांची पगारदार घरे वाढली. अशा चार-पाच घरी वीस वर्षे काम केलेल्या स्त्रीला एकाही घराचा कागद दाखविता येत नसेल, तर शासनाच्या दृष्टीने ती कामगारच ठरत नाही. अनेक घरमालकांना सही करताना भीती वाटते ती उद्या काही मागणी येईल याची. ज्यांचे स्वतःचे वेतनपत्रक दरमहा बिनचूक निघते आणि एका वेतनवाढीच्या फरकासाठी जे वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करतात, त्या वर्गाने ही भीती बाळगावी हे विसंगत होय. ऑगस्ट 2021 मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर स्वयंघोषणेने नोंद होते, त्यामुळे मालकाच्या सहीची अट टळते. परंतु पगार थकल्यास स्वयंघोषणेचा उपयोग नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 16 जून 2011 रोजी घरकामगारांविषयीचा ठराव क्रमांक 189 स्वीकारला. त्यासोबतच्या शिफारशीत प्रत्येक वेळी वेतन देताना देय रक्कम आणि केलेली कपात यांचा समजेल असा लेखी तपशील द्यावा, असे म्हटले आहे. भारताने या ठरावाला अद्याप मान्यता दिलेली नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदेशीर चौकट तपासण्याकरिता समिती नेमण्याचे निर्देश केंद्र शासनास दिले.

कायदा येईपर्यंत घरात काय करता येईल, हा प्रश्न तसा साधा आहे. दूधवाल्याचे कार्ड गिऱ्हाईकाकडे असते आणि त्याची स्वतःची वहीही असते. वाद झाला की दोन्ही ताडून पाहतात. बाईसाठीही दोन छोट्या वह्या पुरतात. तीत ठरलेली कामे व पगार, पगारी सुट्ट्या, दिलेली रक्कम, तारीख, उचल व तिची वजावट आणि दोघींची सही किंवा अंगठा असावा. दिवाळीची पोस्त आणि जुनी साडी पगारात धरू नये. पैसे भ्रमणध्वनीवरून पाठविल्यास नोंद आपोआप राहते हे खरे, पण खाते पतीच्या किंवा मुलाच्या नावावर असेल तर ती नोंद पुन्हा दुसऱ्याच्याच नावे होते. ज्या स्त्रीला वाचता येत नाही तिची वही तिच्याकडेच असली पाहिजे. घरी शाळेत जाणारी मुलगी असते, ती वाचून दाखविते.