नाव 'इंटरनॅशनल', गाडी मात्र थांबत नाही

इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात, केंट परगण्यात अ‍ॅशफर्ड नावाचं एक मध्यम आकाराचं गाव आहे. स्टेशनचं नाव 'अ‍ॅशफर्ड इंटरनॅशनल'. इंग्लिश खाडीखालच्या बोगद्याचं तोंड इथून जेमतेम वीसेक किलोमीटरवर. लंडन-पॅरिस युरोस्टार रोज याच गावावरून जाते, पण स्टेशनाशेजारच्या उंच पुलावरून, न थांबता. मार्च २०२० नंतर इथे एकही आंतरराष्ट्रीय गाडी थांबलेली नाही. २०२५ संपलं तरी नाही.

आपल्याकडे कोकण रेल्वेवर 'अमुक एक्सप्रेसला सावंतवाडीला थांबा मिळावा' अशी निवेदनं वर्षानुवर्षं चालू असतात. मला आधी वाटलं, हे प्रकरण तसंच असणार. गाडी आहे, रूळ आहेत, मोटरमननं दोन मिनिटं ब्रेक दाबायचा, झालं! पण खोलात गेल्यावर कळलं की तिथे थांबा म्हणजे नुसता थांबा नव्हेच. ती एक अख्खी सरहद्द असते.

म्हणजे बघा. युरोस्टारमध्ये चढण्यापूर्वी पासपोर्ट तपासायला फ्रेंच पोलीस इंग्लंडच्या स्टेशनात बसतात, आणि पॅरिसच्या स्टेशनात ब्रिटिश अधिकारी. वर सामान तपासायची यंत्रं, वेगळा प्रतीक्षा हॉल, कुंपण घातलेले प्लॅटफॉर्म. दिवसाला तीन गाड्या थांबोत की तीस, हा सरंजाम ठेवावाच लागतो. लंडनला त्याचा खर्च लाखो प्रवाशांत वाटला जातो, अ‍ॅशफर्डला थोडक्यांत.

आता थोडा इतिहास. बोगदा १९९४ मध्ये सुरू झाला. पण त्याचा कायदा १९८७ चा, आणि त्यातली दोन कलमं वाचण्यासारखी आहेत. कलम ४० प्रमाणे ब्रिटिश रेल्वेनं १९८९ अखेरपर्यंत देशाच्या निरनिराळ्या भागांतून थेट युरोपला गाड्या कशा नेता येतील याचा आराखडा करायचा होता. आणि कलम ४२ म्हणतं, आंतरराष्ट्रीय रेल्वेसेवेला सरकारी अनुदान द्यायचं नाही. एका हातानं वचन द्यायचं आणि दुसऱ्या हातानं खिसा शिवून टाकायचा, असा हा प्रकार.

आराखडा झाला. मँचेस्टर, बर्मिंगहॅम, ग्लासगो, एडिनबरा अशा शहरांसाठी आखूड लांबीचे सात गाडीसंच बांधून तयार झाले. मँचेस्टरच्या कारशेडवर 'युरोस्टार इथे राहते' अशी फ्रेंच पाटीही लागली. पण तोवर स्वस्त विमानं आली, ब्रिटिश रेल्वेचे तुकडे होऊन खाजगीकरण झालं, आणि मँचेस्टरहून पॅरिसला एकही प्रवासी या गाडीनं गेला नाही. संच भाड्यानं लंडन-यॉर्क मार्गावर धावले आणि पुढे फ्रान्सला गेले. रात्रीच्या गाड्यांसाठी बांधायला घेतलेले डबे २००० साली चक्क कॅनडाला विकले! मला वाटतं, उत्तरेच्या गाड्यांचा विषय तिथेच संपला. जे कधी मिळालंच नाही ते 'परत द्या' म्हणणार कसं?

केंटचं तसं नाही. अ‍ॅशफर्डला १९९६ पासून गाडी थांबत होती. लोकांनी ती गृहीत धरून घरं घेतली, नोकऱ्या धरल्या. पहिला फटका २००७ चा. वेगवान मार्ग लंडनपर्यंत पूर्ण झाला, जवळच एब्सफ्लीट इंटरनॅशनल हे नवं स्टेशन उघडलं, आणि अ‍ॅशफर्डची ब्रसेल्सची गाडी बंद, पॅरिसच्याही कमी. तेव्हा गावकऱ्यांनी आणि स्थानिक कौन्सिलांनी मोहीम चालवली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये ब्रसेल्सची दिवसाला एक गाडी परत मिळवली. एकच, पण मिळवली.

पुढची गोष्ट आमच्या धंद्यातल्या माणसाला जास्त बोचेल. युरोस्टारनं नव्या गाड्या घेतल्या आणि त्या अ‍ॅशफर्डच्या जुन्या सिग्नल यंत्रणेशी जुळेनात. (कंपॅटिबिलिटी! हार्डवेअर बदललं की छोट्या गिऱ्हाइकाचा सपोर्ट आधी जातो.) मग सुमारे एक कोटी पाउंड खर्चून, बराचसा सार्वजनिक पैसा घालून, सिग्नल बदलले. २०१८ मध्ये काम उरकलं. आणि दोन वर्षांत कोविड.

कंपनी तेव्हा खरंच बुडायला आली होती. २०२१ मध्ये भागधारक आणि बँकांनी २५ कोटी पाउंड उभे केले तेव्हा वाचली. त्या वेळी छोटे थांबे बंद ठेवणं मला समजू शकतं. पण तारीख आधी २०२२, मग २०२३, मग २०२५ अशी सरकत गेली. मधल्या काळात ब्रेक्झिटमुळे पासपोर्टवर शिक्के आले, रांगा वाढल्या, आणि सगळी माणसं लंडनला लावणं कंपनीला सोयीचं झालं. पलीकडे फ्रान्समध्ये काले-फ्रेताँ स्टेशनाचीही तीच गत.

परिणाम काय, तर अ‍ॅशफर्डच्या माणसानं पॅरिसला जाण्यासाठी आधी लोकल जलद गाडीनं उलट दिशेला लंडन गाठायचं, साधारण ३८ मिनिटं. तिथे रांग. मग युरोस्टारमध्ये बसून परत स्वतःच्या गावावरून सुसाट पुढे!

हजारो सह्यांचे अर्ज झाले, खासदार-कौन्सिलर बोलून दमले. सरकारचं उत्तर ठरलेलं, हा कंपनीचा व्यावसायिक निर्णय आहे. कलम ४२ च्या सावलीत दुसरं काय म्हणणार? म्हणून मोहीमवाल्यांचं लक्ष आता युरोस्टारपेक्षा तिच्या स्पर्धकांकडे जास्त आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये रेल्वे नियामकानं लंडनमधल्या टेंपल मिल्स कारशेडची जागा व्हर्जिनला द्यायचं ठरवलं. आंतरराष्ट्रीय गाड्या ठेवायला ब्रिटनमध्ये तेवढी एकच सोय, त्यामुळे सगळ्यांचा डोळा तिच्यावर होता. व्हर्जिनच्या गाड्या धावायला २०३० उजाडेल. तोपर्यंत अ‍ॅशफर्डच्या हॉलमधली तपासणीची जागा मोडीत निघू नये, ही आता खरी लढाई.