आधी बाईंनी करून पाहायचं

पाटसच्या, दौंडच्या आणि भीमेपलीकडच्या शिरूर तालुक्यातल्या सगळ्या बचत गटांना नमस्कार. आज मी शाळेतल्या विज्ञानाच्या प्रयोगांची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट पन्नास वर्षांची आहे. ती सुरू होते मध्य प्रदेशात, पण तिचा एक धागा आपल्या शेजारच्या पाबळला येतो.

आधी माझी स्वतःची एक चूक सांगते. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती आणि तिच्यावर पालथा घातलेला काचेचा ग्लास, हा प्रयोग मी कितीतरी वर्षं फळ्यावर चित्र काढून शिकवला. "मेणबत्ती जळताना आतला प्राणवायू संपतो आणि त्याची जागा घ्यायला पाणी वर चढतं," एवढं सांगायचं आणि पुढच्या धड्याला लागायचं. एका वर्षी एक मुलगी म्हणाली, "बाई, करून दाखवा ना."

करून दाखवलं. मेणबत्ती जळत होती तोवर पाणी फारसं चढलंच नाही. उलट ग्लासाच्या कडेनं दोन-चार बुडबुडे बाहेर आले. ज्योत विझली आणि मग पाणी भरभर वर गेलं. मी मुलांसमोर गप्प उभी राहिले. प्राणवायू वापरला जातो हे खरं, पण पाणी चढण्याचं मुख्य कारण वेगळंच. ज्योतीनं आतली हवा तापते, फुगते आणि थोडी बाहेर निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते, मग बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. इतकी वर्षं मी अर्धवट सांगत होते, कारण मी स्वतः कधी नीट पाहिलंच नव्हतं.

शिक्षकांची हीच अडचण ओळखून 1972 साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात एक काम सुरू झालं. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सहावी ते आठवीचे वर्ग असलेल्या 16 शाळा निवडल्या. दिल्ली विद्यापीठातले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ मदतीला आले. मुलांनी चार-चारच्या टोळ्या करून प्रयोग करायचे, दिसेल ते वहीत लिहायचं आणि मग चर्चा करायची, अशी रीत ठेवली. परीक्षेत पुस्तक उघडून बघायची मुभा होती, आणि हातानं प्रयोग करायचीही परीक्षा होती.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते शिक्षकांचं शिक्षण. सुट्टीत शिबिरं भरायची. तिथं गुरुजी आणि बाई मुलांसारखेच गटानं बसून तेच प्रयोग करायचे, चुकायचे, पुन्हा करायचे. शाळा सुरू झाली की मासिक बैठक असायची. कुठला प्रयोग जमला नाही, मुलांनी काय विचारलं, ते सगळ्यांसमोर बोलायचं. आपल्या गटाची महिन्याची बैठक असते ना, तशीच. मुलांच्या प्रश्नांसाठी 'सवालीराम' नावाचं एक पात्रच तयार केलं होतं. मुलं त्याला पत्रं लिहायची आणि त्यांना उत्तरं जायची. 1978 साली हे काम जिल्हाभर पसरलं.

त्याच वर्षी पुण्याच्या टेल्को कारखान्यातले एक तरुण इंजिनिअर रजा काढून तिकडं गेले. त्यांचं नाव अरविंद गुप्ता. तिथल्या आठवडी बाजारात त्यांना दोन स्वस्त वस्तू सापडल्या: आगकाड्या, आणि सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी. काडीचं गूल खरवडायचं, नळीचा छोटा तुकडा कापायचा आणि त्याच्या दोन्ही टोकांत एकेक काडी खुपसायची. असे तीन सांधे जोडले की त्रिकोण होतो, चार जोडले की चौकोन. आता दोन्ही दाबून पाहा. चौकोन लगेच कलतो, त्रिकोण मात्र जागचा हलत नाही.

आपल्या गोठ्याच्या पत्र्याखाली कैची असते, शेताच्या फाटकाला तिरपी पट्टी ठोकलेली असते, ती का, ते आता कळलं ना? पुढं याच गुप्तांनी पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कितीतरी मुलांना टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवलं. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता त्रिकोणाचं बोट धरून पाबळला जाऊ. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हर कंपनीतले शास्त्रज्ञ. मोठी नोकरी सोडून 1983 साली त्यांनी पाबळच्या माळावर विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचं म्हणणं साधं होतं: हात काम करतात तेव्हा डोकंही शिकतं. तिथं मुलं लोखंडाचं जोडकाम, वीज, शेती-पशुपालन आणि घर-आरोग्य ही सगळी कामं करत शिकू लागली. मधे खांब नसलेले गोल घुमट तिथं बांधले गेले. त्यांचा सांगाडा पाहिला तर सगळा त्रिकोणांचा. आगकाडीचाच धडा, फक्त लोखंडात. पुढं आठवी ते दहावीच्या शाळांसाठी त्यातूनच अभ्यासक्रम तयार झाला.

होशंगाबादचं पुढं काय झालं? 2002 साली मध्य प्रदेश सरकारनं तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचं काम एका निर्णयानं थांबलं. मला यातून एवढंच कळतं, की चांगली गोष्ट नुसती सुरू होऊन भागत नाही. ती आपल्या मुलांना हवी आहे असं गावानं पुन्हापुन्हा म्हणावं लागतं.

आणि म्हणायची जागा आपल्याला कायद्यानं दिली आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा बायांच्या असतात. तुमच्या गटातली कुणी ना कुणी तिथं असेल. पुढच्या बैठकीत तिनं तीन गोष्टी विचाराव्यात. शाळेतली प्रयोगाची पेटी उघडी असते की कुलपात? बाईंना आणि गुरुजींना प्रयोग स्वतः करून पाहायला वेळ मिळतो का? आणि पाना-पकड मुलींच्याही हातात येते का, की मुली फक्त वहीत लिहून घेतात?

विचारताना शिक्षकांवर खेकसू नका. माझ्यासारखी एखादी बाई मनातून घाबरलेली असते, की प्रयोग फसला तर मुलं हसतील. तिला सांगा, फसू दे, आम्हीही बघायला येतो.

तोवर घरी ताटली, मेणबत्ती आणि काचेचा ग्लास घ्या. लेकीला जवळ बसवा. पाणी नेमकं कधी चढतं ते दोघींनी मिळून बघा.