ठिणगी कधी पडली?

गेल्या ऑक्टोबरातली संध्याकाळ. बर्मिंगहॅममधल्या आमच्या घरामागच्या अंगणात माझी जुनी, एका सिलिंडरची मोटारसायकल उभ्याउभ्या चालू होती. दोनच मिनिटांत इंजिनाजवळचा बेंड पाइप मंद लाल दिसायला लागला. इंजिन मधूनच एखादा ठोका गाळत होतं आणि लगेच सायलेन्सरमधून ‘फट्’ असा बार निघत होता. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी राजदूत किंवा बुलेट होती, त्यांना हे दुखणं आठवेल. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला ‘मिसिंग’ म्हणतात. इथल्या एका मेकॅनिकला मी तोच शब्द सांगितला, तर त्यानं विचारलं, कुठला पार्ट हरवलाय?

मी तंत्रज्ञानाच्या इतिहासावर संशोधन करते, त्यामुळे पुस्तकी उत्तर तयार होतं. पाइप तापतोय म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. मी कार्बोरेटर फिरवून पेट्रोल वाढवलं. बार आणखी वाढले, प्लग काजळीनं काळा झाला. शेवटी मिरजेला मामाला फोन लावला. त्याचं तीस वर्षं गॅरेज होतं.

“लाली दिवसा दिसते का?” त्यानं विचारलं.

“नाही, अंधारातच.”

“मग अजून वेळ गेलेली नाही. कार्बोरेटरला हात लावलास?”

“हो.”

“पहिल्यांदा तो होता तसा कर. अगं, आग पाइपात लागतीय. सिलिंडरमध्ये का लागत नाही ते बघ. ठिणगी कधी पडतीय?”

मामाच्या पहिल्या प्रश्नामागे थर्मामीटर होता. जॉन विल्यम ड्रेपर या शास्त्रज्ञानं १८४७ मध्ये दाखवून दिलं की, बहुतेक घन पदार्थ सुमारे ५२५ अंश सेल्सिअसला अंधारात दिसेल इतपत लाल होतात. लाली दिवसाउजेडी दिसली, तर तापमान त्याच्या बरंच वर गेलेलं असतं. मामानं ड्रेपरचं नाव ऐकलेलं नाही. लोहाराला ऐरणीवर जे कळतं, ते त्याला बेंड पाइपवर कळतं.

दुसरा प्रश्न ‘कधी’चा होता, आणि इंजिनाचा निम्मा इतिहास त्याच एका शब्दात आहे. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला २० मिलिसेकंद लागतात. पेट्रोलची वाफ पेटून पूर्ण भडकायला थोडा वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी पाडावी लागते. समजा, ती ३६ अंश आधी पडली, तर हाताशी फक्त २ मिलिसेकंद असतात. ठिणगीला उशीर झाला की आग पिस्टनला नीट ढकलू शकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही वायू फार तापलेला असतो आणि सगळी उष्णता पाइपात जाते.

सुरुवातीच्या इंजिनांत हा ‘कधी’ माणसाच्या हातात नव्हताच. डाइमलर आणि मायबाख यांच्या १८८५ च्या दुचाकीत बाहेरून ज्योतीनं तापवलेली एक नळी होती. वाफ दाबली गेली की त्या नळीपाशी पेटायची. द दियाँ-बुताँच्या १८९५ च्या इंजिनात बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट आले, ठिणगीची वेळ ठरवता येऊ लागली आणि इंजिनं भराभर फिरू लागली. १९०२ मध्ये श्टुटगार्टच्या बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्डनं उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. बॅटरीची गरज संपली.

मी राहते त्या शहराचा इथे संबंध येतो. पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटनमध्ये वापरले जाणारे बहुतेक मॅग्नेटो जर्मनीहून येत. १९१४ मध्ये तो पुरवठा एकदम तुटला. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीनं थॉमसन-बेनेट ही मॅग्नेटो बनवणारी कंपनी घेतली. शेजारच्या कॉव्हेंट्रीतून ट्रायम्फच्या ‘मॉडेल एच’ या सुमारे ३०,००० मोटारसायकली सैन्यात गेल्या.

त्या काळच्या गाड्यांच्या हँडलवर ठिणगीची वेळ मागेपुढे करणारी एक दांडी असे. किक मारताना ठिणगी उशिरा ठेवायची, नाहीतर किक उलटी बसून पाय मोडायचा. गाडी चालू झाली की दांडी पुढे घ्यायची. ती घ्यायला विसरलं की गाडी ओढायची नाही आणि पाइप लाल व्हायचा. माझ्या अंगणातलं निदान तेव्हाच्या प्रत्येक स्वाराला पहिल्या आठवड्यातच शिकावं लागे. पुढे वेग वाढला की बाहेर फेकल्या जाणाऱ्या छोट्या वजनांनी ते काम आपोआप होऊ लागलं. दांडी गेली आणि तिच्याबरोबर स्वाराचं ज्ञानही. ते मेकॅनिककडे राहिलं.

मामाच्या सांगण्यावरून मी कार्बोरेटर पूर्ववत केला, नवा प्लग लावला आणि पॉइंटचं झाकण काढलं. ०.३५ ते ०.४० मिलिमीटर फट हवी होती. तिथे माझ्या फिलर गेजचं सर्वांत पातळ पातंसुद्धा जेमतेम शिरत होतं. कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजली होती, कारण दोन वर्षांत मी तिला ग्रीस लावलं नव्हतं. फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणून पाइप लाल. ते धड उघडतही नाहीत, म्हणून ठिणगी अशक्त आणि मिसिंग. दोन दुखण्यांचं मूळ एकच होतं. मी पेट्रोल वाढवून त्यात तिसरं घातलं आणि प्लगचा खरा रंगही काजळीखाली पुसून टाकला. अशीच चालवत राहिले असते तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाला असता.

नवे पॉइंट बसवले, फट आणि टायमिंग लावलं. अंधार पडल्यावर गाडी चालू केली आणि फोन सायलेन्सरजवळ धरला. मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आता टॅपेट बघ. एक जरा जास्त वाजतंय.”

१ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ आलं. नव्या गाड्यांत ठिणगीची वेळ संगणक ठरवतो आणि बिघाड झाला की दिवा लागतो. हवा स्वच्छ राहते, तक्रार करायला जागा नाही. पण मामानं गॅरेज बंद केलं, कारण स्कॅनर घेणं परवडेना. तुमच्या गावीही असं कुणी असेल, तर पुढच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा, आणि काय बिघडलं हे त्यांना कसं कळतं, ते विचारा. मी माझ्या वहीत मामाचे प्रश्न लिहायला घेतलेत. पहिल्या पानावर लाली दिवसा दिसते का, हा आहे.