साडेअकरा पौंडांचा करार

पब्लिक पॉलिसीच्या एमएचा अर्ज भरायला बसलो. नाव, पत्ता, इंजिनिअरिंगचे मार्क, नोकरीचा अनुभव हे सगळं अर्ध्या तासात झालं. अडकलो ते एका चौकटीपाशी. तुम्हाला हा विषय का शिकायचा आहे?

पहिला मसुदा मी इंजिनिअरसारखाच लिहिला. विरारच्या आमच्या सोसायटीसाठी मी एक छोटं अ‍ॅप बनवलं होतं. टँकर कधी आला, किती लिटर उतरला, सही कुणी केली, याच्या नोंदी त्यात असतात. मसुद्यात ते अ‍ॅप होतं, डेटा होता आणि तंत्रज्ञानाने प्रशासन कसं सुधारेल याचा एक गुळगुळीत परिच्छेद होता. दोन दिवसांनी पुन्हा वाचला तेव्हा जाणवलं, की टँकर किती वाजता आला हे माझं अ‍ॅप सांगतं. टँकर का लागतो, हे सांगत नाही. आणि ते मलाही धड सांगता येत नव्हतं.

मग शोधायला लागलो, की हा प्रश्न आपल्याकडे आधी कुणाला विचारला गेला होता? शोधता शोधता १९१३ सालात पोचलो.

त्या वर्षी भीमराव आंबेडकर २२ वर्षांचे होते. एल्फिन्स्टन कॉलेजातून बीए झालेलं, विषय अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. फेब्रुवारीत वडील वारले होते. अशात बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडून परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळण्याची संधी आली. चरित्रग्रंथांत एक प्रसंग सांगितला जातो. महाराजांनी विचारलं, काय शिकणार? उत्तर होतं, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सरकारी जमाखर्चाचं शास्त्र. शिकून काय करणार? तर आपल्या समाजाची स्थिती सुधारण्याचे मार्ग शोधणार.

माझ्या अर्जातली चौकट तीच. फक्त त्यांना ती समोरासमोर भरावी लागली.

४ जून १९१३ रोजी करार झाला. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात परत आल्यावर बडोदा संस्थानाची दहा वर्षं चाकरी. जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. 'पब्लिक पॉलिसी' नावाची पदवी तेव्हा नव्हती. कोलंबिया विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विद्याशाखेत त्यांनी स्वतःच ती जुळवली म्हणायची: अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. एमएच्या प्रबंधाचा विषय ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था. पुढच्या प्रबंधाचा विषय ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांचा जमाखर्च.

हा दुसरा विषय पाहून मी जरा चकित झालो. ज्याला वर्गात वेगळं बसवलं गेलं, तो माणूस न्यूयॉर्कला जाऊन प्रांतांच्या बजेटवर का लिहितो? महाराष्ट्र शासनाने त्यांचं समग्र लेखन प्रसिद्ध केलंय. त्याचा सहावा खंड मी फोनवर उतरवून घेतला आणि विरार लोकलमध्ये वाचायला लागलो.

त्यातली गोष्ट थोडक्यात अशी. १८३३ च्या कायद्याने सगळा महसूल कलकत्त्याच्या मुठीत गेला. प्रांतांनी फक्त खर्च करायचा. साहजिकच जो मोठ्याने मागेल त्याला जास्त मिळायचं. काटकसरीला काही किंमतच नव्हती. १८७१ पासून लॉर्ड मेयोंच्या योजनेनुसार पोलीस, तुरुंग, शिक्षण, रस्ते अशी खाती ठरावीक रकमेसह प्रांतांकडे आली. १८७७ मध्ये काही उत्पन्नं नेमून दिली गेली. १८८२ पासून महसुलात वाटा सुरू झाला. वरवर पाहता प्रांत स्वतंत्र होत चालले होते. बाबासाहेब आकडे आणि नियम उलगडून दाखवतात, की तसं नव्हतं. खातं प्रांताच्या नावावर होतं, पण कर बसवायचा आणि खर्चाची मर्यादा ठरवायची अंतिम सत्ता वरच राहिली. शेवटी ते त्याहून मोठ्या मुद्द्यावर येतात. सरकार लोकांना जबाबदार नसेल, तर हिशेब कितीही नीट असला तरी पैसा लोकांच्या गरजेकडे वळत नाही.

नायगावची खाडी ओलांडताना मी फोन खाली ठेवला. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून झाली. २०११ च्या जनगणनेत इथे १२ लाखांहून जास्त माणसं होती. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, जकात आणि स्थानिक संस्था कर इतिहासजमा झाले आणि राज्यातल्या महापालिका राज्याच्या भरपाईवर विसंबू लागल्या. जून २०२० मध्ये इथल्या नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक होता, निवडणूक नव्हती. त्या काळात माझ्या पहिल्या मतदानाच्या वयाची मुलं कॉलेज संपवून नोकरीला लागली. शंभर वर्षांपूर्वीचा प्रबंध मला आमच्या वॉर्डाचा वाटायला लागला.

बाबासाहेबांचा करार मात्र सुखाने संपला नाही. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये परतावं लागलं. वेगळ्या बोटीने पाठवलेलं सामान, पुस्तकांसकट, टॉर्पेडोने बुडालं. करार पाळायला ते बडोद्याला गेले. तिथे अस्पृश्य म्हणून कुणी जागा देईना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. नोकरी सुटली. पुढे सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचं कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडन गाठलं.

प्रांतिक वित्तावरचा तो ग्रंथ १९२५ मध्ये छापून आला. प्रस्तावना त्यांचे कोलंबियातले गुरू सेलिग्मन यांची. आणि अर्पणपत्रिका सयाजीरावांना, शिक्षणासाठी केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून. ज्या शहराने रात्र काढायला खोली दिली नाही, त्याच्या राजाचं ऋण त्यांनी पहिल्याच पानावर मान्य केलं. त्या पानावर मी बराच वेळ थांबलो.

माझ्यासाठी कुणी महाराज नाहीत. बँकेचं शैक्षणिक कर्ज आहे, त्याच्या हप्त्यांचा तक्ता आहे आणि "चांगली नोकरी सोडून पुन्हा शाळेत?" असं विचारणारी आई आहे. तिला अजून पूर्ण उत्तर देता आलेलं नाही.

अर्जातला मसुदा मी खोडला. अ‍ॅपचा उल्लेख आता एका ओळीत आहे. बाकी जागेत लिहिलंय, की माझ्या शहराचा पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि तो कुणाला विचारून खर्च होतो, हे मला वाचता यायला हवंय. शिकून झाल्यावर काय करणार, या रकान्यात 'वसई-विरार' एवढंच लिहून ठेवलंय. मुदत रविवारी रात्री संपते.