किर्लोस्कर मंडळीचे तीन हंगाम

नाटक मंडळीच्या आगामी हंगामाची जाहिरात हातीं आली म्हणजे आपली दृष्टि प्रथम गाणाऱ्या नटाच्या नांवावर जाते. नाटककाराचें नांव मागाहून. यांत रसिकांचा फारसा दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आपलें संगीत नाटक युरोपांतील ऑपेऱ्याप्रमाणें अथपासून इतिपर्यंत गाइलें जात नसलें, तरी त्याचाही जीव गळ्यांत असतो. परंतु नुसत्या गळ्यावर मंडळी चालते काय? मुख्य आधार तुटला असतां पुढील हंगामास उभें राहण्याचा प्रसंग किर्लोस्कर नाटक मंडळीवर तीनदां आला; त्यावरून या प्रश्नाचा कांहीं उलगडा होतो.

३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास 'शाकुंतला'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. १८८२ सालीं 'सौभद्र' आलें. १८८५ सालीं अण्णासाहेब किर्लोस्कर वारले, तेव्हां 'रामराज्यवियोग' अपुरेंच राहिलें होतें. कवि आणि चालक दोन्ही एकदम गेले. तरी मंडळी तगली. भाऊराव कोल्हटकरांचा आवाज तिच्यापाशीं होता हें खरेंच. पण त्याबरोबर देवलांसारखा अण्णासाहेबांचा शिष्यही होता. १८९९ सालीं इंदुरास देवलांची 'शारदा' प्रथम झाली, आणि एके काळचे सुभद्रा भाऊराव तींत कोदंड झाले!

१९०१ सालीं भाऊरावही गेले. असा गळा पुन्हां कोठून आणावा? तो आला १९०५ सालीं, नारायणराव राजहंसांच्या, म्हणजे बालगंधर्वांच्या रूपानें. पण त्यांना उतरावयास शकुंतलेची भूमिका पंचवीस वर्षांपूर्वींच तयार होती, हें विसरूं नये. चांगलें नाटक नटाची वाट पाहूं शकतें. नटाला मात्र नाटकावांचून फार दिवस थांबतां येत नाहीं. १९११ सालीं खाडिलकरांचें 'मानापमान' आलें आणि मंडळीचें वैभव शिगेस पोहोंचलें.

तिसरा घाव १९१३ चा, आणि तो आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. त्या वर्षीं बालगंधर्वांनीं गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांसह गंधर्व नाटक मंडळी काढली. लोकांनीं शोक केला तो बालगंधर्वांचा. परंतु बोडसांबरोबर कसलेला अभिनय गेला आणि टेंब्यांबरोबर 'मानापमाना'च्या चाली बांधणारा हात गेला. १९१६ सालीं खाडिलकरांचें 'स्वयंवर' झालें तेंही गंधर्वांच्याच रंगभूमीवर; म्हणजे लेखणीही त्याच वाटेनें गेली. अण्णासाहेबांमागें देवल उरले होते. या वेळीं तसें मागें कोण उरलें?

पुढें मंडळीस दीनानाथ मंगेशकरांचा तेजस्वी गळा लाभला, आणि प्रेक्षक पुन्हां नांव वाचून येऊं लागले. १९१८ सालीं दीनानाथांनींही मंडळी सोडली व स्वतःची बळवंत संगीत मंडळी उभी केली.